टाकीत कोण उतरणार?

ईशाच्या नमाजनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या कमिटीची बैठक होती. विषय एकच होता. दोन महिन्यांपासून वुजूखान्याच्या बाजूने दुर्गंधी येत होती आणि जुम्याच्या दिवशी संडासाचे भांडे तुंबून पाणी वर येत होते. मैला उपसणारा गाडीवाला सकाळी येऊन पाहून गेला होता. त्याचे म्हणणे असे, की वरचे पाणी गाडी ओढून घेईल, पण तळाचा गाळ दगडासारखा बसला आहे, तो पाइपने उचलणार नाही. दोन पोरं आत उतरवावी लागतील, त्यांचे पैसे वेगळे. बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने विचारले, "कितना लेंगे?"

प्रश्न गैर नव्हता. पैसा चंद्याचा आहे, त्याचा हिशेब द्यावा लागतो. पण त्याच्या आधीचा प्रश्न, आत कोण उतरणार, हा कुणीच विचारला नाही. मलाही तो लगेच सुचला नाही, हे कबूल करतो. टाकी शेवटची कधी उपसली होती, याचे उत्तरही कुणाकडे नव्हते. आताच्या सदरसाहेबांच्या काळात नाही. त्यांच्या आधीच्यांना आठवत नाही. वीजबिल, इमामसाहेबांचा पगार, रमजानचा खर्च यांची वही बारा-पंधरा वर्षांची नीट ठेवलेली आहे. त्या वहीत टाकीची एकही नोंद नाही.

मला या लेखात एवढेच सांगायचे आहे. टाकी भरते म्हणून माणूस आत उतरत नाही. आपण ती वर्षानुवर्षे विसरतो म्हणून तो उतरतो. वेळेवर उपसलेल्या टाकीत कुणाला उतरावेच लागत नाही.

हे कसे, ते समजून घ्यायला टाकीचे काम माहीत पाहिजे. आपल्याकडे बहुतेकांना वाटते, की सेप्टिक टँक म्हणजे मैला साठवायचा बंद खड्डा. तो भरला की रिकामा करायचा, बस. तसे नाही. घरातला मैला आणि पाणी टाकीत येते. जड भाग तळाशी बसतो, तेलकट-हलका भाग वर साय धरतो आणि मधले पाणी दुसऱ्या बाजूच्या पाइपने शोषखड्ड्यात जाते. तळाचा मैला हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू खातात. म्हणून तो मावळतो, पण पूर्ण संपत नाही. दरवर्षी थोडा गाळ उरतोच. हे सगळे घडायला पाण्याला टाकीत साधारण एक दिवस शांत थांबायला मिळाले पाहिजे. भारतीय मानक आयएस २४७० सांगते, की लहानात लहान टाकीसुद्धा ७५० मिलिमीटर रुंद, १ मीटर पाण्याच्या खोलीची आणि १००० लिटरची असावी.

गाळ आणि वरची साय मिळून टाकीची निम्मी खोली व्यापू लागली, की उपसायची वेळ झाली. साध्या घराला ही वेळ दोन-तीन वर्षांनी येते. तेव्हा गाळ पातळ असतो. गाडीचा पाइप तो तासाभरात ओढून घेतो, झाकणाशी उभ्या माणसाला आत वाकावेही लागत नाही. थोडा गाळ मुद्दाम तळाशी ठेवतात, म्हणजे जिवाणूंचे बियाणे शिल्लक राहते. हीच टाकी दहा-पंधरा वर्षे तशीच सोडली, तर तळाचा थर दाबून दाबून घट्ट होतो. त्यात वाळू, केस, कपड्याच्या चिंध्या, पॅड, प्लास्टिक मिसळते. मग गाडीवाला म्हणतो, पोरं उतरवावी लागतील.

आत काय असते? जिवाणू मैला खाताना वायू सोडतात. मिथेन पेट घेतो. कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास असतो. तो थोडा असेल तोवर नाकाला कळतो, फार झाला की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. माणसाला वाटते, आता हवा साफ झाली. झाकण तासभर उघडे ठेवले तरी खात्री नसते, कारण वायू गाळातही अडकलेला असतो. आत उतरून फावडे मारले, की तो एकदम सुटतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाचा काही उपयोग नसतो. वर उभा असलेला भाऊ, बाप, मेहुणा त्याला काढायला उडी घेतो आणि तोही वर येत नाही. म्हणून अशा बातम्यांत मेलेला माणूस सहसा एकटा नसतो.

११ मे २०२३ ची परभणी जिल्ह्यातली घटना आठवा. सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा येथे शेतातल्या घराची सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून गेले. पाचही जण मुसलमान होते आणि एकमेकांचे नातेवाईक होते. एकाच खानदानातून एका रात्रीत पाच जनाजे निघाले. त्या आठवड्यात आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर दुसरेच काहीतरी गाजत होते. या पाच जणांसाठी मोर्चा निघाल्याचे मी ऐकले नाही. मीही तेव्हा काही लिहिले नाही.

यावर आपल्यातले काही जण म्हणतात, हा गरिबीचा प्रश्न आहे, जातीचा नाही, कारण इस्लाममध्ये जात नाही. दीनमध्ये नाही, हे खरे. समाजात आहे, हेही तितकेच खरे. मेहतर, लालबेगी, हलालखोर ही नावे मुसलमानांचीही आहेत. 'हलालखोर' या शब्दाची गोष्ट पाहण्यासारखी आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त नोंद आहे, की झाडूवाल्यांना बादशहा अकबर हलालखोर म्हणत असे. हलालखोर म्हणजे हलालचे, कष्टाचे खाणारा. नाव सन्मानाचे होते. इंग्रजांच्या काळात मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात मैला उचलण्यासाठी 'हलालखोर कर' होता. म्हणजे शहराने कर भरला, शब्द कायद्यात गेला, पण त्या माणसाच्या शेजारी दस्तरखानावर बसायला कुणी तयार झाले नाही. आज हा शब्द आपल्याच वस्त्यांत कुणी शिवीसारखा वापरतो, तेव्हा आपल्याला त्यात काही खटकत नाही. वर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे मुसलमान मेहतराला अनुसूचित जातीचा दर्जाही मिळत नाही. शीख समाजाला तो १९५६ मध्ये आणि बौद्ध समाजाला १९९० मध्ये खुला झाला. सरकारच्या कागदावर हा माणूस दलित नाही आणि आपल्या बोलण्यात तो आहेच कुठे? त्याच्या हक्काची मागणी आपण जरूर करू. पण त्याला टाकीत न उतरवण्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. ते आपल्या हातात आहे.

कायदाही हेच सांगतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा केवळ नगरपालिका आणि ठेकेदारांसाठी आहे, असा आपला समज आहे. त्याच्या कलम ७ मध्ये 'कोणतीही व्यक्ती' असा शब्द आहे. सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणारा घरमालक, हॉटेलवाला, राईस मिलचा मालक, मशिदीचा किंवा मंदिराचा विश्वस्त, सगळे त्यात येतात. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केले तर पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. 'पोरं त्याने आणली, आमचा काय संबंध' हे उत्तर चालत नाही. थेट असो की दुसऱ्याच्या मार्फत, लावणारा जबाबदार आहे.

आता आपल्या घरातल्या आणि मशिदीतल्या सवयींकडे येतो, कारण टाकी लवकर बिघडण्याची बरीच कारणे तिथे आहेत.

पहिली गोष्ट वुजूच्या पाण्याची. आपल्या बहुतेक मशिदींत वुजूखान्याची नाली बांधताना मिस्त्री ती सरळ संडासच्या टाकीला जोडून देतो, कारण तेवढ्यात काम संपते. हिशेब करून पाहा. जुम्याला ३०० नमाजी आले आणि प्रत्येकाने नळ सुरू ठेवून ४ लिटर पाणी वापरले, तर अर्ध्या तासात १२०० लिटर पाणी टाकीत आदळते. टाकी ४००० लिटरची असली तरी तळाचा गाळ ढवळतो, न कुजलेला मैला पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि खड्ड्याच्या भिंती लिंपल्या जातात. मग पाणी मुरत नाही, उलटे वर येते. हनफी मसलकात वुजूचे वापरलेले पाणी स्वतः पाक मानले जाते, फक्त त्याने पुन्हा वुजू होत नाही. पाक पाणी नजासतीत नेऊन सोडण्यात कोणते शहाणपण आहे? त्याला वेगळी नाली आणि वेगळा शोषखड्डा द्या, किंवा ते अंगणातल्या झाडांना सोडा. आणि रसूलल्लाह अवघ्या एका मुद पाण्यात, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वुजू करत, हे आपण बयानमध्ये ऐकतो, ते नळाशी बसल्यावरही आठवू या.

दुसरी गोष्ट अॅसिडची. भांडे पांढरेशुभ्र दिसावे म्हणून आपण बाटल्याच्या बाटल्या अॅसिड आणि फिनाईल ओततो. ज्या जिवाणूंच्या जिवावर टाकी चालते, ते त्यात मरतात. ब्रश आणि साबणाने काम भागते. टाकीत टाकायच्या पुड्याही बाजारात मिळतात. त्यांच्या भरवशावर उपसा टाळता येत नाही.

तिसरी गोष्ट झाकणाची. ही चूक माझ्याच घरातली आहे. अब्बांनी १९९४ मध्ये घर बांधले, तेव्हा टाकीला दोन झाकणे ठेवली होती. पुढे ओसरी वाढवताना आम्ही त्यावर फरशी बसवली. झाकण कुठे होते, हे फक्त अब्बांना माहीत होते आणि ते अल्लाहच्या घरी गेले. शेवटी फरशी चार ठिकाणी फोडून झाकण शोधले. टाकीवर खोली, जिना, फरशी काहीही बांधू नका. नकाशाचा एक कागद घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. जुने, तडकलेले झाकण बदलून घ्या, लहान मुले त्यावरच खेळतात.

चौथी गोष्ट हवेच्या पाइपची. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या भागात हत्तीरोग आहे. आरोग्य खात्याची माणसे गोळ्या घेऊन दारात येतात आणि आपण 'ठेवून जा, नंतर खाऊ' म्हणून त्यांना वाटेला लावतो. या रोगाचा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो आणि टाकीचे बंद, उबदार पाणी त्याला फार मानवते. त्याला बाहेर यायला हवेचा उघडा पाइप पुरेसा असतो. त्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधायला किती खर्च येतो? आपल्या मोहल्ल्यातून फिरताना पाइपांकडे वर मान करून पाहा. जाळी असलेले पाइप बोटांवर मोजता येतील.

पाचवी गोष्ट जमिनीची. हा धानाचा जिल्हा आहे. बांधीत पाणी थांबते म्हणून इथे धान पिकते. जी कन्हार जमीन बांधीतले पाणी सोडत नाही, तीच शोषखड्ड्यातले पाणीही शोषत नाही. सिहार जमीन शोषते, पण मग ते पाणी विहिरीकडे जायलाही वेळ लावत नाही. पावसाळ्यात जमिनीतले पाणी इतके वर येते, की बऱ्याच ठिकाणी शोषखड्डा खालूनच भरतो. म्हणून या भागात उपसायचे काम उन्हाळ्यात, रोहिणी लागण्याच्या आधी उरकावे. मानक म्हणते, की शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर, म्हणजे साधारण ६० फूट लांब असावा. आपल्या मोहल्ल्यातले प्लॉटच मुळी २० फूट रुंद. माझ्या घराचा खड्डा माझ्या बोरपासून लांब म्हणून मी तो कोपऱ्यात खणतो आणि तो कोपरा शेजाऱ्याच्या विहिरीला लागून असतो.

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनइतके आग्रहाने फार थोड्यांनी सांगितले असेल. पाण्याच्या घाटावर, वाटेत आणि लोक सावलीला बसतात तिथे घाण करणाऱ्यांवर लानत येते, ही ताकीद आपण मदरशात शिकलो. हनफी फुकहांनी विहीर आणि सांडपाण्याचा खड्डा यांच्यातल्या अंतराचीही चर्चा केली आहे. त्यांचे म्हणणे असे, की हातांची मोजमापे जमिनीप्रमाणे बदलतील, खरी कसोटी पाण्याची चव, रंग आणि वास आहे. त्या काळी हाताशी होती ती साधने वापरून त्यांनी जमिनीचा पोत ओळखला होता. आज आपल्याला माहीत आहे, की मैल्यातले जंतू आणि नायट्रेट चव, रंग, वास न बदलता पाण्यात उतरतात. त्यामुळे त्या कसोटीला आता एक चौथी जोड हवी, ती प्रयोगशाळेतल्या तपासणीची. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना देता येतो. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, मशिदीच्या बोरचे पाणी तपासून घ्यायला काय हरकत आहे?

जे मशिदीला लागू, तेच दुकानाला आणि धंद्यालाही. राईस मिलमध्ये हमाल राहतात, लॉनवर लग्नाच्या एका रात्रीत हजार माणसे जेवतात, हॉटेलच्या मोरीतून रोज तेल वाहते. घरासाठी बांधलेली टाकी इथे चालत नाही आणि तीन वर्षांचा हिशेबही चालत नाही. स्वयंपाकघराचे तेलकट पाणी आधी चरबी अडवणाऱ्या चेंबरमधून गेले पाहिजे आणि टाकीचे झाकण दर सहा महिन्यांनी उघडून, वरूनच काठी घालून गाळ मोजला पाहिजे. खेड्यात ज्यांच्याकडे जागा आहे आणि पाणी कमी वापरले जाते, त्यांनी टाकीऐवजी दोन खड्ड्यांचे शौचालय बांधावे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला वर्षभर बंद ठेवला, की त्यात कोरडे खत उरते. तिथे गाडीही लागत नाही.

उपसलेला मैला कुठे जातो, हा प्रश्न शेवटी राहतो. गाडी आपल्या दारातून निघाली की आपले काम संपले असे आपण समजतो. ती रात्री नाल्यात रिकामी झाली, तर आपली घाण आपण फक्त दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली. या जिल्ह्यातले जवळपास सगळे पाणी शेवटी वैनगंगेत जाते. महाराष्ट्रात वाई आणि सिन्नर या गावांनी २०१८ पासून वेगळा मार्ग धरला. तिथे नगरपालिका घरमालकाच्या फोनची वाट पाहत नाही. तीन वर्षांत प्रत्येक घराची टाकी एकदा उपसली जाईल असे वेळापत्रक लावले, खर्च करातून काढला आणि गाळावर प्रक्रिया करायला केंद्र उभारले. ही गावे काही मुंबई-पुण्याएवढी श्रीमंत नाहीत. निवडणुकीत मोहल्ल्यात मते मागायला येणाऱ्या उमेदवाराला आपण कब्रस्तानची भिंत मागतो, शादीखाना मागतो. यापुढे हे वेळापत्रकही मागू या. मैल्याला हिंदू-मुसलमान नसतो, त्यामुळे ही मागणी शेजारच्या वॉर्डाबरोबर मिळून करता येईल.

आमच्या मशिदीचे पुढे काय झाले, ते सांगतो. बैठकीत इमामसाहेब शेवटी बोलले. त्यांनी फतवा दिला नाही. ते एवढेच म्हणाले, की ज्या टाकीत तुम्ही तुमचा मुलगा उतरवणार नाही, तिथे दुसऱ्याचा मुलगा उतरवू नका. मग दुसऱ्या गाडीवाल्याशी बोललो. त्याने टाकीत पाणी सोडून, वरून जोराच्या फवाऱ्याने गाळ सैल केला आणि ओढला. एक दिवस थांबून पुन्हा तेच केले. तीन खेपा लागल्या. खर्च पहिल्या हिशेबाच्या दुपटीच्या वर गेला आणि एका सदस्याची नाराजी अजून गेलेली नाही. आत कुणी उतरले नाही.

वुजूच्या पाण्याला आता वेगळी नाली काढली आहे. दर महिन्याच्या चंद्यातून थोडी रक्कम टाकीच्या नावाने बाजूला पडते. आणि नमाजच्या वेळांच्या फलकाखाली एक छोटी पाटी लावली आहे. तिच्यावर दोन ओळी आहेत: टाकी उपसल्याची तारीख आणि पुढच्या उपशाची तारीख. नवे लोक विचारतात, ही कसली तारीख? त्यांना सांगावे लागते. सांगता सांगता त्यांच्याही घरची टाकी कधी उपसली होती, हे निघते आणि बहुतेकांना ते आठवत नाही.